त्यालाही गुडघे होते

गोठ्यात सगळे हजर होते, फक्त बाळ नव्हतं.

व्याह्यांच्या गॅलरीत वॉशिंग मशीन एका कडेला सरकवून जागा केली होती. खाली गवत, मागे तपकिरी कागदाचे चुरगळलेले डोंगर, वर दिव्यांची माळ. मरिया होती, योसेफ होता, बैल, गाढव, मेंढरं, एक लंगडा झालेला मेंढपाळ. मधली गव्हाण तेवढी रिकामी. सोयरिकीतला पहिलाच नाताळ, त्यामुळे मी चहाचे दोन घोट घेऊन धीर केला आणि हळूच म्हटलं, "व्याही, मुख्य मूर्तीच दिसत नाही. फुटली असेल तर मुलुंडच्या बाजारात बघून येऊ का?"

व्याही हसले. "फुटली नाही हो, कपाटात आहे. अजून जन्म कुठे झालाय? चोवीसच्या रात्री ठेवायची."

हे मला एकदम पटलं. रामनवमीला दुपारी बारापर्यंत आमचाही पाळणा रिकामाच असतो. बारा वाजले की गुलाल उडतो, दोरी ओढतात, हातावर सुंठवडा पडतो. म्हटलं, चला, हा प्रांत आपल्या ओळखीचा आहे.

आमचं घर माळकऱ्यांचं, सातारा जिल्ह्यातलं. नोकरीमुळे मी डोंबिवलीत आलो आणि तिथेच राहिलो. लेकीने मात्र नोंदणी पद्धतीने लग्न केलं आणि नाहूरला संसार थाटला. जावई कॅथलिक, व्याही मूळचे वसईचे, रेल्वेतून निवृत्त. नाहूर स्टेशन सुरू झालं 2006 साली. त्याआधी इथल्या लोकांना भांडुप नाहीतर मुलुंड गाठावं लागे, हे व्याही दर भेटीत सांगतात, आणि रेल्वेवाल्याने सांगितलेलं स्टेशनचं चरित्र मध्येच तोडायचं नसतं. घरात त्यांची आई आहे. लाल लुगडं नेसणारी, वसईची बोली न सोडलेली, माझ्याशी मात्र सावकाश, स्वच्छ मराठीत बोलणारी. सगळे तिला आजी म्हणतात, मीही म्हणतो, माझं वय झालेलं असूनसुद्धा. आणि आता घरात सहा महिन्यांचा नातू आहे. त्याच्यामुळेच मला नाताळात मुक्कामाला बोलावलं होतं.

लेक काट्याच्या पाठीवर पिठाच्या गोळ्या दाबून कुलकुल वळत होती. आजी तिच्या वळण्यातल्या चुका काढत होती. मी आणि व्याही गोठ्यापाशी. मी त्यांना सांगितलं की देव खाली येतो हे आम्हाला नवं नाही. मासा होऊन येतो, कासव होऊन येतो, वराह, वामन, खांबातून नरसिंह. त्यामुळे तुमच्या सणात मला अडण्यासारखं काही नाही. व्याही नुसते हं म्हणाले. मग मी सहज विचारलं, "बरं, या बाळाने लहानपणी काय काय केलं?"

"म्हणजे?"

"म्हणजे लीला. आमच्या कृष्णाने पूतनेचा प्राण शोषला. माती खाल्ली म्हणून यशोदेने तोंड उघडायला लावलं तर आत सगळं ब्रह्मांड दिसलं. तसं काही?"

व्याह्यांनी जरा विचार केला. "तसं काही नाही. रडला असेल. दूध प्यायला असेल. दुपटं ओलं केलं असेल."

मी पुढचं ऐकायला थांबलो. पुढे काहीच आलं नाही. आतल्या खोलीत त्याच वेळी नातवाने तिसरा कार्यक्रम उरकला होता आणि लेक कपडे बदलायला धावली होती. मला उगाच अवघडल्यासारखं झालं. देवाच्या बाबतीत हा उल्लेख आमच्याकडे कोणी केला नसता. केला असता तरी लगेच त्याला एखाद्या चमत्काराची झालर लावली असती.

रात्री सगळे सेंट पायसला निघालो. नाहूर रोडवर मुलुंड पश्चिमेला ते चर्च आहे. नाव मध्यरात्रीच्या मिस्सेचं, पण आम्ही जेवायच्या वेळेलाच पोहोचलो होतो. आता बहुतेक ठिकाणी लवकरच असते, असं व्याही म्हणाले. मिस्सा इंग्रजीत. नोकरीत इंग्रजी पत्रं वाचण्यात आयुष्य गेलं, तरी देवाशी इंग्रजीत बोलणं माझ्या कानाला परकंच वाटलं. केव्हा उठायचं, केव्हा बसायचं याचा मला पत्ता नव्हता. पुढच्या बाकावरच्या माणसाच्या पाठीवर नजर ठेवून मी निभावत होतो. ती पाठ उठली की मी उठायचो.

बेथलेहेमची गोष्ट वाचून झाली. जनगणनेसाठी निघालेलं जोडपं, धर्मशाळेत जागा नाही, रानात मेंढपाळ. ही मला माहीत होती. फादरांचं प्रवचन झालं. मग सगळे उभे राहून एका सुरात काहीतरी लांबलचक म्हणू लागले. व्याह्यांनी कानाशी सांगितलं, हे क्रीड, आमचा विश्वास काय आहे ते यात सांगितलंय. मीही हात जोडून उभा राहिलो. आणि मध्येच, वाक्य चालू असताना, समोरची पाठ नाहीशी झाली. सगळं चर्च खाली गेलं होतं. शेकडो माणसं गुडघ्यांवर, आणि मी एकटा विजेच्या खांबासारखा उभा. मी घाईघाईने वाकेपर्यंत सगळे पुन्हा उठलेसुद्धा.

शेजारी आजी होती. तिचे गुडघे कामातून गेलेले. घरात ती भिंत धरून चालते. तिनेही पुढच्या बाकाला धरून, दात आवळून, एक गुडघा जेमतेम टेकवला होता. उठताना मी हात दिला. म्हटलं, "आजी, तुम्ही बसून राहिला असता तरी चाललं असतं की."

ती म्हणाली, "त्यालाही गुडघे होतेच की."

मला ते नीटसं कळलं नाही. मिस्सा संपल्यावर लोक रांगेने बाळाच्या मूर्तीचे पाय चुंबायला गेले. मी रांगेत उभा राहिलो, पुढे जाऊन लांबूनच नमस्कार केला. घरी परतल्यावर व्याह्यांनी कपाटातून मूर्ती काढून गव्हाणीत ठेवली, आणि मी त्यांना गुडघ्यांचं विचारलं.

त्यांनी सांगितलं ते असं. क्रीडमध्ये एक वाक्य आहे. देवाचा पुत्र पवित्र आत्म्याच्या योगे कुमारी मरियेच्या पोटी देह धारण करून माणूस झाला, अशा अर्थाचं. एरवी रविवारी त्या वाक्याला सगळे मान लववतात. वर्षातून दोनच दिवस त्याच वाक्याला गुडघे टेकतात. एक नाताळ. दुसरा दिवस त्यांना पटकन आठवेना.

"जन्माच्या वाक्याला?" मी विचारलं. "मग मरणाच्या वाक्याला का नाही? क्रूस तर मोठा."

"ते मला विचारू नका. उद्या आमचा भाऊ जेवायला येतोय, त्याला विचारा."

त्यांचे चुलतभाऊ वसईकडे फादर आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीला पुन्हा मिस्सेला जायचं होतं आणि सोबत म्हणून मी निघालो. आदल्या रात्रीच्या अनुभवावरून मी तयार होतो, गुडघे वेळेवर टेकले. पण नवीनच पंचाईत झाली. शुभवर्तमानाचं वाचन सुरू झालं आणि त्यात ना बाळ, ना गोठा, ना मेंढपाळ, ना बेथलेहेमचं नाव. नाताळच्या दिवशी! आरंभी शब्द होता, तो देवापाशी होता, सगळं त्याच्याकडून झालं, असं काहीतरी उपनिषदासारखं चाललं होतं. वाटलं, फादरांनी चुकून दुसरंच पान उघडलं. आजूबाजूला मात्र कोणाच्या चेहऱ्यावर शंका नाही.

दुपारी फादर आले. साठीच्या आसपासचे, साधा शर्ट घातलेले, जेवणात काय आहे याची चौकशी आधी करणारे. मला ते लगेच आवडले. मी वाचनाचं विचारलं. ते म्हणाले, पान बरोबर होतं. नाताळच्या मिस्सा वेगवेगळ्या वेळांच्या असतात आणि प्रत्येकीचं वाचन वेगळं. रात्री लूक गोष्ट सांगतो. दिवसा योहान त्या गोष्टीचा अर्थ सांगतो, की ज्याच्यापासून हे सगळं विश्व झालं तोच देहधारी होऊन आपल्यात राहायला आला. आणि आदल्या संध्याकाळच्या मिस्सेला मत्तयची वंशावळ वाचतात, अब्राहामापासून येशूपर्यंत, चौदा चौदा पिढ्यांचे तीन टप्पे.

वंशावळ म्हटल्यावर मी सरसावलो. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत मी स्वतः जमवतो आहे आणि त्यात काय घ्यायचं, काय गाळायचं यावरून भावकीत बोलणं बंद होण्याची वेळ आली आहे. फादरांनी सांगितलं की मत्तयने त्या पुरुषांच्या यादीत मरियेआधी चार बायकांचा उल्लेख केला आहे. सासऱ्याला फसवून वंश चालवणारी तामार, यरीहोची वेश्या राहाब, परक्या मवाबातली रूथ, आणि उरियाची बायको, जिच्यासाठी दावीद राजाने उरियाला मारवलं. मी म्हटलं, "आमच्या भावकीने चारही नावं खोडली असती." फादर म्हणाले, "म्हणून तर ती वाचतात. माणूस व्हायचं तर भावकीसकट व्हावं लागतं."

मग मी लीलांचा प्रश्न काढला. तो मला टोचत होता. फादर म्हणाले, तशा कथा होत्या. येशूने लहानपणी मातीच्या चिमण्या केल्या, टाळी वाजवली आणि त्या उडून गेल्या, असं एका जुन्या ग्रंथात आहे. थोमाच्या नावावरचा तो बालपणीचा ग्रंथ. पण चर्चने तो बायबलमध्ये घेतला नाही. बायबलमध्ये जन्माची हकीकत आहे, बारा वर्षांचा असताना मंदिरात मागे राहिल्याचा एक प्रसंग आहे, आणि मग तो जवळजवळ तिशीचा होईपर्यंत काहीही नाही. सुतारकाम.

"काहीच नाही?"

"काहीच नाही. जगात आला आणि पंचवीस-तीस वर्षं नाझरेथमध्ये राहिला."

हे मला अजून पचलेलं नाही. आमचा कृष्ण गोकुळात गवळ्याचा पोर असला तरी आपण देव आहोत हे तो अधूनमधून दाखवतो, आणि कीर्तनात श्रोते त्याच जागेची वाट बघत असतात. बुवा तोंड उघडण्याचा प्रसंग रंगवतात तेव्हा मागची बाईसुद्धा सरसावून बसते. इथे ती जागाच नाही. मग कळणार कसं, की हा देव? फादर म्हणाले, "नाझरेथच्या लोकांनाही कळलं नाही. ते म्हणाले, हा तर आपल्या सुताराचा मुलगा."

मी माझ्या मनातली तोड काढली. म्हटलं, याचा अर्थ असा घेता येईल, की देव वरवर माणूस दिसत होता, आत मात्र त्याला भूक, झोप, दुखणं काही लागत नव्हतं. नटाने वेष घ्यावा तसा त्याने देह घेतला होता. मला वाटलं, फादर मान डोलावतील. त्यांनी भाताचा घास खाली ठेवला.

असं म्हणणारे लोक पहिल्या शतकांतच होते, ते म्हणाले, आणि चर्चने ते अगदी सुरुवातीला नाकारलं. उलट बाजूने बोलणारेही झाले. अलेक्झांड्रियाचा एरियस म्हणे, पुत्र थोर खरा, पण निर्माण केलेला, पित्याच्या बरोबरीचा नव्हे. त्याच्यासाठी 325 साली नायसियाला परिषद भरली, आजच्या तुर्कस्तानात. 381 साली कॉन्स्टँटिनोपलला पुढची, आणि तिथलं क्रीड काल तुम्ही उभ्याने ऐकलंत. तरी भांडण मिटलं नाही, म्हणून 451 साली कॅल्सिडनला आणखी एक. तिथे ठरलं की तो पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. दोन्हींची सरमिसळ नाही, बदल नाही, फारकत नाही, तुकडे नाहीत.

ऐकता ऐकता एक गंमत माझ्या लक्षात आली. एरियसची शंका मला जन्मात सुचली नसती. अवतार हा देवच, याबद्दल आमच्याकडे वाद नाही. पण दुसरी शंका, देह हा नुसता देखावा असण्याची, माझ्या हाडीमांसी खिळलेली. देव खरोखर थकला, त्याला खरोखर ताप आला, हे म्हणताना जीभ अडखळते. इथे मात्र नेमकं त्यावरच बोट ठेवून बसले आहेत. नावेत तो दमून झोपला. मित्राच्या थडग्यापाशी रडला. मरणाच्या आदल्या रात्री, हे टळत असेल तर टळू दे, असं बापाला म्हणाला. यातलं काहीही नाटक नव्हतं, असं हे लोक दीड-दोन हजार वर्षं सांगत आहेत, आणि सगळ्या भांडणांचा रोख तोच आहे.

जावयाने मध्येच सांगितलं की मिस्सेत फादर द्राक्षारसात पाण्याचा थेंब टाकतात, ते याचंच चिन्ह. ख्रिस्ताने आपलं माणूसपण घेतलं, आपल्याला त्याच्या देवपणात वाटा मिळावा, अशी प्रार्थना तेव्हा मनात म्हणतात. ते मला फारच आवडलं. म्हटलं, वा, थेंब विरघळला, आता वेगळा काढून दाखवा! फादर हसून म्हणाले, "जपून. माणूसपण देवपणात समुद्रातल्या थेंबासारखं विरून गेलं, असं मानणाऱ्यांशीच कॅल्सिडनचं भांडण होतं. थेंब चिन्ह म्हणून ठीक. त्याचा सिद्धान्त करू नका." म्हणजे उपमासुद्धा मोजून मापून वापरायची. आमच्या बुवांना हे जमलं नसतं.

जेवणं संपत आली तेव्हा मी शेवटचं विचारलं. आमच्याकडे अवतारकार्य संपतं. एकनाथी भागवताच्या शेवटी श्रीकृष्ण निजधामाला जातात, लीला आवरली जाते. पुढच्या वेळी रूप निराळं. मत्स्याचा कूर्माशी संबंध नाही. तर तुमच्या येशूने स्वर्गात गेल्यावर हा देह ठेवला कुठे?

"ठेवला नाही," फादर म्हणाले. "त्याच देहाने गेला."

"जखमांसकट?"

"जखमांसकट. पुनरुत्थानानंतर शिष्यांना त्याने हात दाखवले, त्यांच्यासमोर भाजलेला मासा खाल्ला. तो अजूनही माणूस आहे."

"आणि कल्कीसारखा पुन्हा येणार म्हणतात तो?"

"तोच. नवा वेष नाही."

मी गप्प बसलो. गेल्या रात्रीपासून आपण परिचयाच्या मुलखात फिरतोय असं मला वाटत होतं, पण रस्ता या वळणावर एकदम अनोळखी झाला. देव येतो हे आम्ही मानतो. देव आला आणि माणूस होऊन राहिला तो राहिलाच, पुन्हा कधी नुसता देव होणार नाही, ही गोष्ट मी कधी मनातही आणली नव्हती. नाताळच्या रात्री ज्या वाक्याला हे गुडघे टेकतात ते वाक्य नुसतं जन्माचं नाही, न परतण्याचं आहे, असं मला वाटलं. फादरांना हे बोललो नाही. त्यांनी त्यातही एखादी परिषद काढली असती.

आजीचं कालचं बोलणं तेव्हा कुठे लागलं. तिच्या हिशेबी जो वर बसला आहे त्याला गुडघे दुखणं ऐकून माहीत नाही, असून माहीत आहे. ती देवाकडे तक्रार करते ती त्याच नात्याने. मी तिला थेट विचारलं, तर म्हणाली, "ज्याला कधी भूकच लागली नाही त्याला भुकेचं काय सांगायचं?" हे कॅल्सिडनपेक्षा सोपं होतं. फादरही तिच्या पुढ्यात वाद घालत नाहीत, हे मी पाहिलं.

डोंबिवलीला परतताना लेकीने मला वाचायला दोन पुस्तकं दिली. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, एवढं मला शाळेपासून ठाऊक होतं. त्यानंतरची पत्रं मात्र पहिल्यांदा वाचली. ती राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1977 साली छापली आहेत. बाप्तिस्मा घेऊन झाल्यावरही ही विदुषी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी भांडते आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य मला पटत नाही, ख्रिस्ताचं देवपण तुम्ही म्हणता तसं मला ग्रंथात दिसत नाही, आणि माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणाच्या हवाली करणार नाही. संस्कृत शास्त्रांत वाढलेली ती बाई इतकी वर्षं अडखळत होती, तर मी जेवणाच्या टेबलावर अडखळलो यात विशेष काय? पुढे तिचा विश्वास बसला आणि तिने मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल केलं, तो भाग निराळा. मला तिची भांडणंच जास्त जवळची वाटली.

दुसरं पुस्तक फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण. हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला आणि 1616 साली त्याचं पुराण राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, सगळ्या मराठीत. मी ज्ञानेश्वरीच्या पारायणाच्या चालीवर वाचायला घेतलं आणि चाल बसली. स्वर्गाला तो सरळ वैकुंठ म्हणतो. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, आज कुठला अध्याय? मी म्हटलं, ऐक, आणि सांग. तिने बराच वेळ ऐकलं आणि नाथांचं काहीतरी असेल म्हणाली.

मध्यंतरी फादरांचा फोन आला होता. गुडघे टेकण्याचा दुसरा दिवस त्यांनी सांगितला. 25 मार्च. मरियेला देवदूताचा निरोप आला तो दिवस, नाताळच्या बरोबर नऊ महिने आधीचा. त्यांच्या हिशेबी देव माणूस झाला तो खरं तर त्या दिवशी, गोठ्यात नव्हे, पोटात. त्या दिवशी ना सुट्टी, ना गोठा, ना कुलकुल. मोजकी म्हातारी माणसं येतात, तुम्हीही वसईला या, आमच्याकडे मिस्सा मराठीत असते, असं त्यांनी आग्रहाने सांगितलं. लेक म्हणते, मार्चअखेरीला तिला रजा मिळणार नाही, आणि डोंबिवलीहून वसई म्हणजे गाडी बदलून जावं लागणार, तेही गर्दीच्या वेळी. मी व्याह्यांना विचारलं आहे. ते आजीला घेऊन येणार आहेत, टॅक्सीचं बघतो म्हणाले. माझा फादरांसाठी एक प्रश्न तयार आहे. नऊ महिने देव पोटात होता, तेव्हा विश्व कोण चालवत होतं?